पहिल्या पानावर असणारच

१

पान फाटलेलं नव्हतं, कापलेलं होतं. फाटलेल्या कागदाला दातेरी कड राहते, धागे लोंबतात. इथे शिवणीला घासून ब्लेड वरून खाली नेलं होतं, एका दमात. मी दातांची डॉक्टर आहे. हात कधी थरथरला आणि कधी नाही, ते मला खुणेवरून कळतं. हा हात थरथरला नव्हता.

पण हे मी नंतर पाहिलं. आधी पाहिलं ते सिस्टरनं, आणि त्याची शिक्षाही तिलाच झाली.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातली नर्स. सुट्टीच्या दिवशी ती ग्रंथालयाच्या तळघरात उतरली, जुन्या साप्ताहिकाचा बांधीव खंड उघडला, आणि शेवटच्या अंकातलं पान गायब दिसल्याबरोबर वर धावत येऊन तिनं ग्रंथपाल बाईंना सांगितलं. चोर असं करत नाही. पण ग्रंथपाल बाईंनी आधी खंडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग तिच्या पिशवीकडे. चार माणसांदेखत पिशवी टेबलावर उपडी केली. डबा, पाण्याची बाटली, चष्म्याची डबी आणि कात्री निघाली.

नर्सच्या पिशवीत कात्री निघणार नाही तर काय ढोल निघणार. बँडेज कापायची, बोथट टोकाची, वाकडी कात्री. ती शिवणीत शिरणारच नाही. पण एवढा विचार करायला डोकं थंड लागतं, आणि आमच्या लोकांचं डोकं फक्त दुसऱ्याच्या दुःखाच्या वेळी थंड असतं.

आमचे लोक म्हणजे कोशाचे लोक. आमचा कोश इंटरनेटवरचा, फुकट राबणाऱ्यांनी चालवलेला आहे. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारावं. नियम एकच: लिहाल त्याला संदर्भ द्या. नाही दिलात तर वाक्याच्या शेपटीला लाल चिठ्ठी लागते, ‘आधार हवा’. संदर्भ दिलात तर दुसऱ्या कुणीतरी मूळ कागद डोळ्यांनी बघायचा आणि ‘पडताळलं’ अशी खूण आपल्या नावानं टाकायची. मी या कोशाच्या रखवालदारांपैकी एक. शिवीगाळ पुसायची, भांडणं सोडवायची. पगार नाही, मान थोडा, मनस्ताप भरपूर.

त्याच संध्याकाळी सरांची सूचना कोशाच्या फलकावर झळकली. सर आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ, निवृत्त प्राध्यापक. हितसंबंध असलेल्या व्यक्तीनं संदर्भ नष्ट केला आहे, त्या व्यक्तीचं खातं बंद करण्यात येत आहे, संदर्भ आधीच पडताळलेला असल्यामुळे मजकूर कायम राहील. सगळं इतकं गुळगुळीत, जणू कुणाची इज्जत नाही, कोळ्याचं जाळं झाडलंय.

दुसऱ्या दिवशी सिस्टर माझ्या दवाखान्यात आली, खुर्चीत आडवी झाली आणि मी आरसा हातात घेतला तेव्हा म्हणाली, “दात दुखत नाहीये माझा. दिवा बंद करा.”

२

माझ्या दवाखान्यात नंबर लावायला माझ्या सासूबाई बसतात. पगार घेत नाहीत आणि कुणाचं काही ऐकूनही घेत नाहीत. दिवा बंद झालेला पाहून त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पुढचं सगळं त्यांनी ऐकलं.

जिथे आता बाग होतेय तिथे पूर्वी बर्फाचा कारखाना होता. त्यात अमोनियाची गळती झाली आणि आत काम करणारी व शेजारच्या चाळीतली माणसं मेली. सिस्टरचे वडील तिथे व्हॉल्व्ह ऑपरेटर होते. तेही मेले. सिस्टर तेव्हा आईच्या पोटात होती. आमच्या कोशातलं वाक्य असं: व्हॉल्व्ह ऑपरेटर कामाची जागा सोडून पळाल्यामुळे गळती आटोक्यात आणता आली नाही.

हे वाक्य पहिल्यांदा कुणी लिहिलं, देव जाणे. कुणीतरी येता जाता लिहून गेला. वर्षानुवर्षं त्याच्या शेपटीला लाल चिठ्ठी होती. मग एक दिवस चिठ्ठी गेली आणि तिथे संदर्भ आला: इथलं जुनं साप्ताहिक, शेवटचा अंक, पहिलं पान. सोबत त्यातलं म्हणून एक वाक्य अवतरणात, आणि खाली ‘पडताळलं’.

आता बागेत दगड बसणार होता, मेलेल्यांच्या नावांचा. नगरपालिकेनं मजकुराचं काम सरांवर सोपवलेलं. सरांनी कोश उघडला आणि ज्याच्यामुळे माणसं मेली त्याचं नाव मेलेल्यांत कसं घालायचं, म्हणून ऑपरेटरला वगळलं. दगडवाला सोमवारी छिन्नी लावणार होता. सिस्टरची आई थकली होती. दगड बसला की मला तिथे घेऊन चल, एवढं एकच मागणं तिनं मुलीकडे मागितलं होतं. वगळल्याचं तिला अजून ठाऊक नव्हतं. म्हणून सिस्टरनं लेखाच्या चर्चापानावर लिहिलं होतं की येत्या सुट्टीला तो अंक स्वतः बघते.

“ते पळाले नव्हते,” सिस्टर म्हणाली. “आतून बाहेर काढलं त्यांना. आईनं स्वतः त्यांची बोटं सरळ केली. व्हॉल्व्हचं चाक धरल्यासारखी वळलेली होती, उघडत नव्हती.”

आणि मी, इतकी वर्षं त्या कोशात घासलेली, आपोआप म्हणाले, “कशावरून?”

ती उठली, चप्पल घातली आणि निघाली.

सासूबाई दारातूनच बोलल्या. “नवऱ्याचं प्रेत स्वतःच्या हातानं सरळ केलेल्या बाईकडे पावती मागतेस? तुझ्या त्या कोशात माणसं आहेत की उंदीर, नुसते कागद कुरतडणारे?”

मी उरलेल्या पेशंटना दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि ग्रंथालयात गेले. डोकं तापलं होतं. एका गोष्टीनं तर जास्तच: संदर्भ कुणी टाकला ते पाहायला मी त्या लेखातल्या बदलांचा इतिहास उघडला, तर तिथे माणसाचं नावच नव्हतं.

३

त्या जागी ‘कार्यशाळा’ असं खातं होतं.

ही आमची जुनी खोड. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात आम्ही एकत्र बसून काम करतो तेव्हा सगळे एकाच सामाईक खात्यातून लिहितात. नवख्यांना बरं पडतं म्हणून सुरू झालं आणि मग अनुभवी लोकांनाही सोयीचं झालं, कारण चूक निघाली तर ती सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. तो संदर्भ ‘लाल मोहिमे’च्या दिवशी पडला होता. त्या दिवशी इथल्या सगळ्या लेखांवरच्या लाल चिठ्ठ्या उतरवायच्या होत्या, वार्षिक मेळाव्यात सरांना ते अभिमानानं सांगायचं होतं. मी त्या दिवशी नव्हते. ग्रंथपाल बाईंनी सांगितलं, फक्त तिघं आले होते: सर, टिकताई आणि बर्फवाले.

टिकताई म्हणजे एका मालवाहतूक कंपनीत हिशेब बघणारी बाई. कोशात सगळ्यात जास्त ‘पडताळलं’ खुणा तिच्या, म्हणून हे नाव. या वाक्याखालची खूणही तिचीच. स्वभावानं लोणी. सिस्टरची पिशवी उपडी केली तेव्हा टिकताई तिथेच होती. तिनंच पडलेल्या वस्तू पुन्हा भरून दिल्या, पाणी दिलं, रिक्षापर्यंत सोडलं.

बर्फवाले म्हणजे त्या कारखान्याच्या मालकाचे चिरंजीव. आता इमारती बांधतात. अलीकडेच कोशात आले होते. ते कळल्यावर माझे कान टवकारले. ज्याच्या बापाच्या कारखान्यानं माणसं मारली तोच त्या लेखाच्या टेबलावर बसलेला, आणि दोष गेला ऑपरेटरच्या डोक्यावर. इतकं सरळ गणित मला फार दिवसांत मिळालं नव्हतं.

आधी खंड बघते म्हटलं. ग्रंथपाल बाई नाखुशीनं किल्ली घेऊन निघाल्या. तळघराचा जिना उभा, पायऱ्या अरुंद. मी विचारलं, आमच्यातलं इथे कोण कोण उतरतं. त्या म्हणाल्या, टिकताई तर दर आठवड्याला येते, धूळ झाडते, खंडांच्या पाठीवर नव्या चिठ्ठ्या डकवते, पट्टीनं आखून नीट कापून. बर्फवाल्यांना धुळीनं शिंका येतात, एकदा दारातूनच परतले. सरांचे गुडघे या जिन्याला भितात, ते आजवर खाली आलेले नाहीत, काय हवं ते वर मागवतात. हा खंड मात्र कधी मागवला नाही.

“आणि तुम्ही?” मी विचारलं.

“मी स्वतःच्या मुलाला या खोलीत पेन आणू देत नाही. मी पान कापेन?” त्या म्हणाल्या. खरं वाटलं. शिवाय त्या आमच्या कोशात एक अक्षर लिहीत नव्हत्या. कोश राहिला काय, बुडाला काय, त्यांना सुतक नव्हतं.

मी खंड उघडला. शेवटचा अंक काढला. आणि मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

कारण पहिलं पान जागच्या जागी होतं.

४

संदर्भात म्हटलं होतं पहिलं पान. सूचनेत म्हटलं होतं संदर्भ नष्ट. सगळ्या गावानं मान डोलावली. आणि ते पहिलं पान तिथे धडधाकट होतं, ग्रंथपाल बाईंचा शिक्का बाळगून. कापलं होतं ते आतलं, तिसरं.

पहिल्या पानावर गळतीबद्दल काही नव्हतं. पहिल्या पानावर जाहिराती होत्या. शिलाई यंत्र, केसांचं तेल, मूळव्याधीवर हमखास इलाज. आधीचे अंक उलटले. प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर फक्त जाहिराती, बातम्या सुरू होतात त्या तिसऱ्यावर. संपादकाला पोट भरायचं होतं, म्हणून त्यानं दर्शनी भाग विकला होता. जीभ मात्र विकली नव्हती. मी तिथेच बसून वाचत गेले. काय माणूस होता. नळाला पाणी आलं नाही तर लिहायचा, ‘नगरपालिकेच्या गेंड्यांनो, तुमच्या घरी आंघोळ होते, आमच्या घरी होत नाही, हा कुठला न्याय?’ एक वाक्य शांतपणे लिहिता येत नसे बिचाऱ्याला. बर्फाच्या कारखान्यावर तर दर दोन अंकांआड तुटून पडलेला. गळतीनंतर तो एक अंक निघाला आणि मालकानं वजन वापरून छापखान्याला कुलूप ठोकायला लावलं. चौकशी झाली, पण तिचा अहवाल कुणी कधी बाहेर येऊ दिला नाही. म्हणजे त्या दिवशी काय घडलं हे सांगणारा छापील कागद जगात एकच, तिसरं पान.

मग मी कोशातलं ते अवतरण पुन्हा वाचलं. ‘कारखान्याचा व्हॉल्व्ह ऑपरेटर गळतीदरम्यान कामाची जागा सोडून गेल्याचे काही प्रत्यक्षदर्शींनी नमूद केले आहे.’

नमूद केले आहे. तो संपादक? ज्यानं गेंडा शब्द इतका वापरला की छापखान्यातले त्या अक्षरांचे खिळे झिजले असतील, तो प्रत्यक्षदर्शींनी नमूद केले आहे असं लिहील? हे वाक्य त्या साप्ताहिकाचं नव्हतंच. हे आमचं वाक्य होतं. विशेषणं काढा, बाजू घेऊ नका, कुणाच्या तरी तोंडी घाला, हे आम्ही नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो. खोटं लिहिणाऱ्यानं खोटंसुद्धा नियमाला धरून लिहिलं होतं. चोरी करताना चपला बाहेर काढून आला होता.

सिस्टर तर सुटलीच. पहिल्या पानावर तेलाची जाहिरात आहे एवढं दाखवलं असतं तरी ती जिंकली होती. तिला काही कापायची गरजच नव्हती.

मी तशीच बर्फवाल्यांच्या बांधकामावर गेले. सिमेंटच्या पोत्यांमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. मी विचारलं, मोहिमेच्या दिवशी तुम्ही काय लिहिलंत. ते खजील झाले. म्हणाले, वडिलांवर लेख लिहायला आलो होतो, पण तुम्ही लोक टिकू देत नाही. मला आठवलं. मीच पुसला होता तो. दानशूर, दीनांचे कैवारी, तेजस्वी, ऋषितुल्य, सगळं पहिल्याच वाक्यात. या गृहस्थांना ‘नमूद केले आहे’ जन्मात लिहिता आलं नसतं. विशेषणाशिवाय ते स्वतःचा पत्तासुद्धा सांगत नाहीत.

तरी मी विचारलं, तुमच्या कारखान्याचा ऑपरेटर पळाला होता का.

त्यांनी माझ्याकडे विचित्र पाहिलं. “पळाला? बाबा मरेपर्यंत त्याला शिव्या घालत होते, का पळाला नाही म्हणून. म्हणायचे, गाढव पळाला असता तर वाचला असता. आत चाकाला चिकटून मेला आणि कारखान्यात वायूपासून वाचवणारे मुखवटे नव्हते हे जगाला दिसलं.”

मी म्हटलं, हे तुम्ही कोशात का सांगितलं नाही.

“सांगितलं ना सरांना,” ते म्हणाले. “त्याच टेबलावर. ते म्हणाले, घरगुती आठवणींना संदर्भमूल्य नसतं.”

५

सरांच्या घरी पुस्तकांचा वास असतो आणि चहा पातळ. त्यांनी माझं स्वागत केलं, गुडघ्यांची चौकशी करायला लावली आणि सिस्टरबद्दल हळहळ व्यक्त केली. भावनेच्या भरात माणूस असं करतो, आपण समजून घेतलं पाहिजे, पण नियम तो नियम.

मी म्हटलं, सर, साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर काय असायचं सांगा.

“मुख्य बातमी. दुसरं काय असणार?”

“केसांचं तेल असायचं.”

ते हसले. मग हसायचे थांबले.

मी एकेक करून मांडलं. अवतरण आमच्या भाषेत आहे, म्हणजे आमच्यात मुरलेल्या माणसाचं. बर्फवाले त्यात बसत नाहीत. उरले तुम्ही आणि टिकताई. टिकताई दर आठवड्याला त्या खंडांची धूळ झाडते, पहिल्या पानावर जाहिराती असतात हे तिला झोपेतही ठाऊक. ती पहिलं पान लिहिणार नाही. ज्यानं तो खंड एकदाही उघडला नाही तोच लिहील. तो एकच माणूस.

मला वाटलं होतं ते नाकारतील. त्यांनी नाकारलं नाही, उलट समजावायला लागले. लाल चिठ्ठी किती वर्षं होती ते मला माहीत आहे का. मेळाव्यात शून्य दाखवायचं होतं. साप्ताहिक त्याच आठवड्याचं, इतकी मोठी घटना, पहिल्या पानावर असणारच. वाक्य इतकी वर्षं टिकलंय म्हणजे आशय तोच असणार. अवतरण नियमानं लागतं, म्हणून त्याला जरा रूप दिलं.

“म्हणजे तुम्ही पाहिलं नाहीत.”

“अहो, तपशिलाचा प्रश्न आहे. माझं त्या माणसाशी काही वैर नव्हतं.”

हेच ते. हेच मला आजही सहन होत नाही. वैर असतं तर समजलं असतं. मालकानं पैसे चारले असते तर समजलं असतं. इथे एका मेलेल्या कामगाराला पळपुटा ठरवलं, त्याच्या बायकोच्या तोंडचं शेवटचं मागणं काढून घेतलं, आणि कशासाठी, तर भिंतीवरचा एक लाल डाग दिसू नये म्हणून. वर गावभर ताठ मानेनं सांगत फिरायचं की आम्ही पुराव्याशिवाय बोलत नाही.

मी म्हटलं, दगडवाल्याला फोन करून काम थांबवा. सर म्हणाले, ते शक्य नाही. पान कुणी कापलं ते आधी सिद्ध करा. सिस्टरनं कापलं असेल तर पानात तिच्या वडिलांविरुद्ध काहीतरी होतं असाच अर्थ निघतो. माझी पद्धत चुकली असेल, निष्कर्ष चुकला असं कुठे दिसतं? ते दाखवा, मी काम थांबवतो. नाहीतर सोमवार ठरलेला आहे.

आणि नेमकं हे बोलताना त्यांनी मला उरलेलं उत्तर दिलं. सर निर्धास्त होते. पान असो, नसो, संदर्भ ‘कार्यशाळे’नं दिलेला होता, कुणाचंच नाव नाही. पान नाहीसं करून सरांना काय मिळणार होतं? काही नाही. त्या कागदाखाली स्वतःचं नाव घालून बसलेलं माणूस एकच होतं.

६

टिकताईच्या कचेरीत ट्रकच्या पावत्यांचे ढीग असतात. तिनं माझ्यासाठी खुर्ची पुसली, सिस्टर कशी आहे विचारलं, आवाजात खरी काळजी. मी बसले नाही.

मी म्हटलं, सिस्टरनं चर्चापानावर लिहिलं होतं, मी सुट्टीच्या दिवशी येऊन तो अंक बघणार आहे. ते वाचून तू आधी तळघरात गेलीस. जे आधीच बघायला हवं होतं ते तेव्हा पहिल्यांदा बघितलंस.

ती टेबलावरचं पेन टोपणात घालत होती, काढत होती.

“सर म्हणाले, टाक खूण,” ती हळू म्हणाली. “सरांनी लिहिलेलं मी कधी तपासत नाही. त्यांनीच शिकवलं मला सगळं. पानाचा आकडासुद्धा वाचला नाही मी त्या दिवशी. वाचला असता तर तिथेच कळलं असतं.”

मग तिनं सांगितलं. तिसरं पान तिनं तिथेच उभ्यानं वाचलं. उद्या सिस्टर हे वाचणार, आणि खाली खूण कुणाची, तर माझी. इतकी वर्षं माझी खूण म्हणजे खात्री. लोक काय म्हणतील. चिठ्ठ्या कापायचं ब्लेड पिशवीत होतंच. कापताना असं डोक्यातच नव्हतं की आळ त्या पोरीवर येईल. आला तेव्हा बोलायचं धाडस झालं नाही. म्हणून पाणी दिलं.

“पाणी दिलंस,” मी म्हटलं. “फार उपकार केलेस.”

ती रडायला लागली. मला दया आली नाही. रडणाऱ्या माणसाला जवळ घ्यावं इतकी मी चांगली नाही, आणि त्या दिवशी तर मुळीच नव्हते.

मी हात पुढे केला. “दे ते पान.”

तिनं वर पाहिलं. “तुला कसं कळलं माझ्याकडे आहे?”

जाळलं असेल असं मला क्षणभरही वाटलं नव्हतं. आमच्यातलं माणूस खोटी खूण टाकेल, कागद कापेल, दुसऱ्याच्या गळ्यात अडकवेल, पण संदर्भ जाळणार नाही. हात धजत नाही. नको त्या जागी देवपण आहे आमच्यात. तिच्या घरी, गादीखाली, दोन पुठ्ठ्यांमध्ये ते पान सपाट ठेवलेलं होतं. एक सुरकुती नव्हती. माणसाची अब्रू चुरगळली, कागद जपला.

मी ते तिच्या दारातच वाचलं. वाचून झाल्यावर सिस्टरला फोन केला आणि इतकंच म्हटलं की रविवारी ग्रंथालयात या. सरांनाही फोन केला. ते म्हणाले, सुटं पान मला मान्य नाही. खंडाबाहेर आलं की तो संदर्भ राहत नाही, नुसता कागद होतो. कुणीही काहीही छापून आणू शकतं.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “खंडात घालते. आणि या वेळी पडताळायला तुम्ही येणार आहात. खाली.”

७

रविवारी ग्रंथालय बंद असतं, ग्रंथपाल बाईंनी आमच्यासाठी उघडलं. त्यांनी आधी सिस्टरसमोर उभं राहून माफी मागितली, नीट, कारणं न देता. पान शिवणीतल्या कडेशी जुळवून पाहिलं. कागदाचा पिवळेपणा, एका कोपऱ्यातलं वाळवीचं भोक, पुढच्या पानावरच्या भोकाशी तंतोतंत. पातळ कागदाच्या पट्टीनं ते जोडलं, शिक्का मारला. टिकताईनं तिथेच बसून आपली खूण काढली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: न पाहता टाकली होती, पान मी कापलं. स्वतःच्या नावानं लिहिलं. तेवढं मी तिच्या बाजूला मांडते.

सर आले. भिंतीला धरून, एकेक पायरी, वाटेत तीनदा थांबून. कुणी हात दिला नाही. त्यांना खुर्ची दिली, खंड पुढे सरकवला आणि मी म्हटलं, मोठ्यानं वाचा.

त्यांनी चष्मा लावला. सुरुवात नेहमीसारखी सपाट केली, पण त्या संपादकाची वाक्यं सपाट वाचता येत नाहीत. ‘कुठे आहेत मुखवटे, हरामखोरांनो? पुढच्या महिन्यात येतील म्हणून किती महिने सांगितलंत? तोंडाला ओलं फडकं बांधून एक माणूस आत गेला. दारातल्या सोबत्यांना म्हणाला, चाळ रिकामी करा, मी चाक फिरवतो. चाक गंजलेलं होतं. त्यानं ते अर्ध्याच्या वर फिरवलं. पूर्ण फिरवायला श्वास पुरला नाही. अर्धी चाळ जिवंत आहे ती त्या अर्ध्या फेऱ्यावर. मेलेल्यांची नावं अजून हाती यायची आहेत. आली की छापू, आणि मारणाऱ्यांचीही छापू.’

ती नावं छापायला साप्ताहिक उरलं नव्हतं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. सिस्टरकडे न बघता, माझ्याकडे बघून म्हणाले, “आता याला आधार मिळाला.”

“आधार होताच,” सिस्टर म्हणाली. “माझी आई अजून जिवंत आहे. ते बर्फवाले गावातच राहतात. हे पान तुमच्या पायाखाली होतं. तुम्ही कुणाकडे गेला नाहीत.” मग ती माझ्याकडे वळली. “तुम्हीही. मी हेच सांगितलं होतं तुम्हाला, तुमच्या खुर्चीत. तुम्ही म्हणालात, कशावरून.”

मी मान खाली घातली नाही. ऐकून घेतलं. तिचा हक्क होता.

“फोन लावा दगडवाल्याला,” ती सरांना म्हणाली.

तळघरात फोन लागत नव्हता. सर पुन्हा जिना चढले, आम्ही मागोमाग. वर खिडकीशी उभं राहून त्यांनी नंबर फिरवला, दम लागलेला. दगडवाला पलीकडून ओरडूनच बोलत होता, आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. सर म्हणाले, एक नाव वाढवायचं आहे. तो म्हणाला, जागा सोडलेली आहे खाली, बोला. सर म्हणाले, त्या ऑपरेटरचं. तो म्हणाला, अहो, दगडावर ऑपरेटर कोरू का, नाव बोला.

सरांनी टिकताईकडे पाहिलं. टिकताईनं माझ्याकडे. आम्ही तिघांनी त्या एका वाक्यावर इतका कागद काळा केला होता, संदर्भ, अवतरण, खुणा, सूचना, आणि त्या माणसाचं नाव काय, हे आमच्यापैकी एकानंही सिस्टरला विचारलेलं नव्हतं.

सिस्टरनं सरांच्या हातातून फोन घेतला. खिडकीकडे तोंड केलं आणि वडिलांचं नाव सांगितलं, पूर्ण, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. दगडवाल्यानं पलीकडून ते एकदा म्हणून दाखवलं. बरोबर, ती म्हणाली, असंच कोरा. फोन सरांना परत दिला आणि आईला ते पान दाखवायला आणते म्हणून निघून गेली.

‘कशावरून’ असं दगडवाल्यानं विचारलं नाही.